धूर कुठवर जातो?

थंडीतल्या पहाटे आमच्या गावात धूर वर जात नसे. घराघरांत चुली पेटायच्या, माळवदाच्या झरोक्यांतून धूर बाहेर पडायचा, दोन पुरुष उंच चढायचा आणि कुणीतरी हात धरून थांबवल्यासारखा आडवा व्हायचा. मग लिंबांच्या शेंड्यांखाली अख्ख्या गावावर एक निळसर पट्टा पसरायचा. अम्मी पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जाळायची. डोळे चोळत म्हणायची, ‘आज धुंवा बैठ गया.’ दुपारी तीच चूल, त्याच पऱ्हाट्या. पण धूर सरळ वर निघून जायचा आणि बघता बघता दिसेनासा व्हायचा. धूर सकाळी बसतो आणि दुपारी उठतो, एवढं त्या वयात कळलं होतं. का, ते कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहितो. ढगांशी माझा संबंध तेवढाच. या विषयाकडे मला ओढलं ते माझ्या भाच्याने. तो तेव्हा बारावीला होता. एक दिवस वही घेऊन आला आणि म्हणाला, ‘मामू, सीएफसी वायू हवेपेक्षा चौपट जड. मग तो ओझोनपर्यंत वर गेलाच कसा? खाली बसायला नको?’ मला उत्तर येईना. ‘सरांना विचार,’ म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्या एका प्रश्नाच्या मागे लागून जे वाचलं, जाणकारांना विचारलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी गावातल्या धुराचं बघू. रात्री जमीन थंड होते. तिला टेकलेली हवाही थंड होते. थंड हवा जड. वरची हवा मात्र त्या मानाने उबदार राहते. एरवी वर जावं तसं गार होत जातं; इथे उलटंच झालेलं असतं. शाळेच्या भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हटलं होतं आणि आपण ते पाठ करून विसरून गेलो होतो. खालची जड हवा उठत नाही, वरची हलकी हवा खाली उतरत नाही. झाकण बसतं. हे झाकण थंडीच्या रात्री कधी कधी जमिनीपासून शे-दोनशे मीटरवरच असतं.

सूर्य वर आला की जमीन तापते. तिच्या अंगावरची हवा तापून बुडबुड्यांसारखी सुटते. घारी पंख न हलवता वर वर जातात त्या याच बुडबुड्यांवर बसून. चैत्र-वैशाखात माळावर वावटळ उठते तीही यातलीच. दख्खनच्या पठारावर उन्हाळ्याच्या दुपारी ही खळबळ दोन-तीन किलोमीटर उंच पोचते. आता हिशेब सोपा आहे. तेवढाच धूर दोनशे मीटरच्या खोलीत कोंडला आणि दोन हजार मीटरच्या खोलीत सोडला, तर दुसऱ्या खोलीत तो दहा पट विरळ होणार. दिल्लीचा डिसेंबर आणि दिल्लीचा मे यांच्यात फरक पडतो तो निव्वळ धूर किती सोडला याने नाही. छत किती खाली आलं यानेही पडतो.

या खळबळीला शास्त्रज्ञ टर्ब्युलन्स म्हणतात. मी आपला खळबळच म्हणेन. मोठा भोवरा फुटून लहान भोवरे होतात, लहान फुटून आणखी लहान, आणि शेवटी ते इतके बारीक होतात की हवेच्या चिकटपणातच विरून जातात. ही गोष्ट लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ सालच्या आपल्या ग्रंथात चार ओळींच्या पद्यात सांगितली. हवामानाचा अंदाज गणिताने कसा बांधावा, याच्या आकडेमोडीने भरलेल्या जाडजूड पुस्तकात मधेच पद्य! माझ्यासारख्याला हा माणूस न आवडता तरच नवल.

त्याची पुढची हकिकत मात्र सुखाची नाही. रिचर्डसन क्वेकर पंथाचा, युद्धविरोधी. पहिल्या महायुद्धात त्याने बंदूक धरली नाही. फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवली. १९२० साली ब्रिटनचं हवामान खातं विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेलं, तेव्हा त्याने नोकरी सोडली. हवेतली खळबळ केव्हा उठते आणि केव्हा शमते याचा नियम त्याने मांडला होता. वाऱ्याचा वेग उंचीबरोबर किती झपाट्याने बदलतो आणि हवेचे थर एकमेकांवर किती घट्ट बसलेत, या दोहोंच्या झुंजीवर ते ठरतं. आजही त्या आकड्याला रिचर्डसन अंक म्हणतात. पण त्याच्या पत्नीने नोंदवून ठेवलंय की, वरच्या हवेच्या या संशोधनात सर्वांत जास्त रस विषारी वायूच्या तज्ज्ञांना आहे, हे कळल्यावर तो खचला. त्याने ते काम थांबवलं आणि जे छापलं नव्हतं ते नष्ट करून टाकलं. विष हवेत कसं पसरतं हे ज्याला कळतं, त्याला ते पसरवायचं कसं हेही कळतं. धूर आणि वारा हा विषय इतका निरुपद्रवी नाही.

आता भाच्याचा प्रश्न. फ्रीजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत पूर्वी वापरला जाणारा सीएफसी-१२ हा वायू हवेपेक्षा खरोखर चौपट जड. निश्चल हवेत, कुणी ढवळलं नाही तर, वजनाला अर्थ असतो. पण आपल्या डोक्यावरची हवा ढवळलेली आहे. आधण उकळत असतं तेव्हा तांदूळ पाण्यापेक्षा जड म्हणून तळाशी बसून राहत नाहीत, वर-खाली नाचतात. भोवरा रेणूचं वजन विचारत नाही. हवेचा अख्खा गोळाच तो उचलतो, त्यात जे असेल ते सगळं जातं. नायट्रोजन, ऑक्सिजन, आर्गॉन यांचं प्रमाण जमिनीवर जे आहे, जवळपास तेच ऐंशी-नव्वद किलोमीटरवरही असतं ते या ढवळण्यामुळे. सुमारे शंभर किलोमीटरच्या वर मात्र हवा इतकी विरळ होते की भोवरे टिकत नाहीत. तिथून पुढे वायू आपापल्या वजनाप्रमाणे वेगळे होऊ लागतात. हलका हेलियम, हायड्रोजन सर्वांत वर. वजनाचा कायदा आहेच. पण त्याचं राज्य शंभर किलोमीटरनंतर सुरू होतं.

जाड धूळ खाली बसते, ते खरं. पण एका मायक्रॉनहून बारीक कण इतके सावकाश पडतात की वारा त्यांना जवळपास वायूसारखाच वागवतो. चुलीच्या धुरात असे कण भरपूर.

मग धूर असाच चढत राहिला तर कुठवर जाईल? इथे दुसरं झाकण येतं. लिऑन तेसरां द बोर नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसजवळ त्राप इथे स्वतःची वेधशाळा काढली होती. तो तापमान नोंदणारी यंत्रं बांधून फुगे सोडायचा. वर जाताना दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश थंड होत जातं, हे ठाऊक होतं. पण अकरा किलोमीटरच्या आसपास तापमान घटायचंच थांबे. यंत्र उन्हाने तापत असेल, असा त्याला संशय आला. म्हणून त्याने रात्री फुगे सोडले. तरी तेच. दोनशेहून जास्त फुगे सोडून झाल्यावर १९०२ साली त्याने जाहीर केलं की, हवेला मजले आहेत. खालच्या मजल्याला आपण मराठीत तपांबर म्हणतो, वरच्याला स्थितांबर, आणि दोहोंच्या मधल्या सीमेला तपस्तब्धी. हे शब्द ज्या कुणी घडवले त्याला माझा सलाम. ‘स्तब्धी’ म्हटल्यावर वेगळी व्याख्या द्यावी लागत नाही. आपल्याकडे, उष्ण कटिबंधात, ही सीमा सोळा-सतरा किलोमीटरवर असते आणि तिथलं तापमान उणे ऐंशी अंशांच्या आसपास.

तिथे झाकण का बसतं? वर ओझोन आहे म्हणून. ओझोन सूर्याचे अतिनील किरण गिळतो आणि हवा तापवतो. म्हणजे स्थितांबरात जसं वर जावं तसं गरम होत जातं. खाली थंड, वर ऊबदार. आमच्या गावातली थंडीतली पहाटच ती. फरक एवढाच की तिथे दुपार होत नाही.

म्हणून तिथली हवा शांत. अगदी निवांत नव्हे. वाऱ्याचा प्रवाह एका थरात जोरात आणि लगतच्या थरात सावकाश असला की त्यांच्या सीमेवर लाटा उठतात, वळतात, फुटतात; स्वच्छ निरभ्र आकाशात विमान अचानक हिसके खातं ते अशा जागी. डोंगरावर आपटलेल्या वाऱ्याच्या लाटाही वर जातात, हवा विरळ होत गेल्याने मोठ्या होत जातात आणि पन्नास-ऐंशी किलोमीटरवर किनाऱ्यावरच्या लाटांसारख्या फुटतात. आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळ गादंकी इथे यासाठी एक रडार आहे. मोठी तबकडी वगैरे काही नाही. मोकळ्या रानात १०२४ अँटेना ओळीने उभ्या. या रडारची लाट साडेपाच मीटरहून थोडी जास्त लांब. त्याच्या निम्म्या, म्हणजे जेमतेम तीन मीटरच्या, हवेतल्या उलथापालथीवरून ती परतते. ढग नको, पाऊस नको. नुसती खळबळच तिथे आरसा होते. त्यावरून वारा वर जातोय की खाली येतोय, तेही कळतं. हे वाचल्यापासून निरभ्र आकाश मला रिकामं वाटत नाही.

तरी एकंदरीत स्थितांबरात वर चढणं फार मंद. हे लक्षात आणून दिलं ॲलन ब्रूअर या इंग्रज शास्त्रज्ञाने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या मागे पांढरे पट्टे उमटत आणि शत्रूला विमान दिसे. म्हणून वरच्या हवेतली वाफ मोजायचं काम निघालं. ब्रूअरने दक्षिण इंग्लंडवर मोजलं, तर स्थितांबरातली हवा कल्पनेपलीकडे कोरडी. इतकी कोरडी, की इंग्लंडच्या आकाशात तेवढी थंडी कुठेच नव्हती. मग तिच्यातली वाफ गोठून पडली कुठे? १९४९ साली त्याने उत्तर दिलं: ही हवा विषुववृत्ताजवळून आली आहे. तिथल्या सर्वांत थंड दारातून ती वर शिरते, दारातच तिचं पाणी गोठून गळतं आणि मग ती ध्रुवांकडे सरकत खाली उतरते. ऑक्सफर्डच्या डॉब्सनने ओझोनच्या नोंदींवरून असंच काही सुचवलं होतं. दोघांच्या नावाने हे अभिसरण आज ओळखलं जातं. त्यात हवा चढते दिवसाला वीस-तीस मीटर. मुंगीसुद्धा दिवसात याहून जास्त चालते! दहा किलोमीटर चढायला वर्ष लागतं, आणि पूर्ण फेरा करून खाली यायला चार-पाच वर्षं.

खाली धावपळ आणि वर संथपणा, हा फरक ध्यानात घेतला नाही तर ओझोनची गोष्ट कळत नाही. सीएफसी पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाऊस त्याला धुऊन काढत नाही. तो जळत नाही, कशाशी सहज संयोग करत नाही. कारखानदारांना तो हवा होता तो याच गुणांसाठी. तपांबरातल्या खळबळीने त्याला जगभर पसरवलं; नंतर ब्रूअरच्या दारातून तो मुंगीच्या पावलांनी वर गेला. वर अतिनील किरणांनी तो फुटला आणि त्यातला क्लोरिन मोकळा झाला. मोलिना आणि रोलंड यांनी हे १९७४ साली सांगितलं. १९८५ साली अंटार्क्टिकावर ओझोनचं भगदाड दिसलं, १९८७ साली माँट्रिअलला करार झाला. कारखाने बंद झाले तरी ओझोन लगेच भरून येत नाही, याचंही कारण हाच संथपणा. सीएफसी-१२ हवेत सुमारे शंभर वर्षं टिकतो. अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० सालच्या पातळीवर यायला २०६६ साल उजाडेल, असा जागतिक हवामान संघटनेच्या अगदी अलीकडच्या अहवालातला अंदाज आहे. अर्थात करार पाळला गेला तर.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं होतं. पण वाचता वाचता मी आपल्याच आकाशात येऊन पोचलो.

आपल्याकडे ब्रूअरच्या दाराशी जायला एक शिडी आहे: पावसाळा. पावसाळी गडगडाटी ढगाच्या पोटात हवा सेकंदाला दहा-वीस मीटर वेगाने वर जाते. म्हणजे जमिनीवरची हवा अर्ध्या-पाऊण तासात पंधरा किलोमीटरवर. आता, पाऊस म्हटला की आपल्याला आपला सह्याद्री आठवतो. पण तिथले ढग पाण्याने ओथंबलेले असले तरी उंचीने बेताचेच असतात. महाबळेश्वरला पाऊस कितीही कोसळो, धूर स्थितांबराच्या दाराशी नेणारे उंच ढग बहुतेक दुसरीकडे. बंगालच्या उपसागरावर, गंगेच्या मैदानात, हिमालयाच्या पायथ्याशी, तिबेटच्या पठाराच्या दक्षिण कडेला. आणि त्याच गंगेच्या मैदानात चुली, वीटभट्ट्या, वाहनं, शेतं, गोठे, माणसं यांची दाटी. शिडी टेकवायला याहून वाईट जागा शोधून सापडली नसती.

वर पोचल्यावर काय होतं? जून ते सप्टेंबर तिबेटच्या तापलेल्या पठारावर, पंधरा-सोळा किलोमीटर उंचीवर, हवेचा एक प्रचंड चक्राकार पट्टा फिरत असतो, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, अरबस्तान-इराणपासून चीनपर्यंत. त्याची दक्षिणेकडची बाजू आपल्या द्वीपकल्पावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे सुसाट वाहते. तो पूर्वेचा झोतवारा १९५८ साली पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने दाखवून दिला. या चक्रात वर आलेली हवा अडकून पडते, आठवडेच्या आठवडे गोल फिरते. अधूनमधून चक्राचे लचके तुटून पॅसिफिककडे किंवा आफ्रिकेकडे वाहून जातात.

२०११ साली जाँ-पॉल व्हर्निए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅलिप्सो या उपग्रहाच्या लेसरच्या नोंदी चाळताना या चक्रात कणांचा एक थर दाखवून दिला. तेरा ते अठरा किलोमीटरच्या दरम्यान, दर पावसाळ्यात येणारा आणि पावसाळा सरला की विरणारा. खाली जमिनीवर आपण म्हणत असतो की पहिल्या पावसाने हवा कशी धुऊन निघाली! खोटं नाही ते. पण काही ऐवज पावसाच्या हातून निसटून वर गेलेला असतो.

तो कशाचा आहे हे उपग्रहाला नीट सांगता येईना. म्हणून २०१४ सालापासून इस्रो आणि नासा यांनी मिळून हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फुगा-केंद्रावरून, तसंच गादंकी आणि वाराणसीहून फुगे सोडले. तेसरां द बोरचीच रीत, शंभराहून अधिक वर्षांनंतर. २०१७च्या जुलै-ऑगस्टमध्ये युरोपीय शास्त्रज्ञांनी काठमांडूहून एक रशियन बनावटीचं विमान उडवलं. वीस किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या या विमानाने नेपाळ, भारत आणि बांगलादेशाच्या आकाशात आठ फेऱ्या केल्या. उत्तर आलं ते कुणाच्या फारसं मनात नव्हतं. गंधक, काजळी अपेक्षित होती. सापडलं ते घन अमोनियम नायट्रेट, भरपूर. १९९७ साली अवकाशयानातून घेतलेल्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तर त्यांतही त्याची खूण निघाली.

अमोनियम नायट्रेट म्हणजे अमोनिया आणि नायट्रिक आम्ल यांची सोयरीक. नायट्रिक आम्लाचं मूळ वाहनांच्या धुरात आणि विजांच्या कडकडाटात. आणि अमोनिया? भल्या पहाटे गोठ्यात शिरताना नाकाला झोंबतो तो. युरियाची गोणी फोडून ओल्या रानात टाकली की उडतो तो. गोठ्यातला तो वास सोळा किलोमीटरवर पोचलेला आहे, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

खरं तर तो तिथे पोचायला नको होता. अमोनिया पाण्यात इतका सहज विरघळतो की ढगातल्या थेंबांनी तो सगळा पकडून पावसाबरोबर खाली आणायला हवा. बराचसा आणतातही. पण थेंब वर जाऊन गोठतो तेव्हा त्यात विरघळलेल्या अमोनियाचा काही भाग बाहेर टाकला जातो, असं अभ्यासक मानतात. पाण्याने धरला, बर्फाने सोडला. आणि सोडला तोही नेमका अशा जागी, जिथे खाली आणणारा पाऊस नाही. गोठ्याकडे मात्र कुणी रागाने बघू नये. गोठा हजारो वर्षांचा आहे, युरियाची गोणी गेल्या साठ-सत्तर वर्षांतली.

हे सगळं वर राहिलं तर आपलं काय बिघडतं, असं कुणी विचारील. ते आपल्यापुरतं राहत नाही, हे पहिलं. उत्तर गोलार्धाच्या स्थितांबरातल्या कणांच्या एकूण पृष्ठभागापैकी सुमारे पंधरा टक्के वाटा आशियातल्या पावसाळ्याच्या शिडीने चढून गेलेला आहे, असा एक हिशेब २०१७ साली मांडला गेला. हे कण सूर्यप्रकाश परतवतात, बर्फाचे ढग बनायला बीज पुरवतात.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. माँट्रिअलच्या करारात दीर्घायुषी वायूंवर बंदी आली. डायक्लोरोमिथेनसारखे अल्पायुषी सोडून दिले. रंग खरवडायच्या द्रावात, औषधांच्या कारखान्यांत तो वापरतात. त्याचं आयुष्य सहाएक महिने. मुंगीच्या वेगाने जाणाऱ्या वाटेवर तो दाराशी पोचेपर्यंत बहुतेक मरून जाईल, हा विचार. हिशेब चुकीचा नव्हता, पण त्यात शिडी पुरेशी धरलेली नव्हती. २०२२च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियातून अमेरिकन संशोधन विमानं उडाली. पूर्व आशियातल्या पावसाळी ढगांनी वर नेलेल्या हवेत असे अल्पायुषी क्लोरिनयुक्त वायू अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाले. ज्याला सहा महिनेच जगायचंय त्याला पाऊण तासात वर नेणारी गाडी मिळाली, तर तो जिवंत पोचतो. एखादा वायू ओझोनला धोक्याचा आहे की नाही, हे त्याच्या रसायनाइतकंच तो कुठल्या आकाशाखाली सोडला यावरही अवलंबून आहे. हीच गोष्ट करारनाम्याच्या भाषेत बसवणं अवघड. एकाच वायूला एका देशात मुभा आणि दुसऱ्या देशात मनाई, हे कोण मान्य करील? आणि पावसाळ्याच्या प्रदेशातल्या लोकांनीच म्हणून जास्त का सोसावं?

शिडीवाचून चढणारा धूरही आहे. ऑस्ट्रेलियात २०१९च्या अखेरीला आणि २०२०च्या सुरुवातीला जंगलं पेटली. आगीनेच उठवलेल्या ढगांनी धूर स्थितांबरात नेऊन सोडला. इथवर नवं काही नाही. पण त्यातली काजळी काळी. तिने ऊन प्यायलं, भोवतीची हवा तापवली आणि त्या हवेला घेऊन धूर आणखी वर निघाला. हजार किलोमीटर रुंद भोवरा होऊन तो तीन महिने फिरत राहिला आणि पस्तीस किलोमीटरपर्यंत चढला. ज्या थरात काहीच वर उठत नाही म्हणून एवढा वेळ सांगितलं, त्या थरात धूर स्वतःच्या काळेपणाच्या बळावर उठला.

आणि आता वरूनही काही उतरू लागलंय. निकामी उपग्रह आणि अग्निबाणांचे भाग परतताना जळून जातात, असं आपण म्हणतो. जळतात म्हणजे नाहीसे होत नाहीत. त्यांची वाफ होते आणि वाफेचे पुन्हा बारीक कण. २०२३ साली अलास्कावरून उडालेल्या संशोधन विमानाने स्थितांबरातले गंधकाम्लाचे कण तपासले, तर त्यांतल्या मोठ्या कणांपैकी सुमारे दहा टक्क्यांत ॲल्युमिनियम आणि अवकाशयानांत वापरले जाणारे इतर धातू सापडले. दरवर्षी किती उपग्रह वर जाताहेत ते पाहता हे प्रमाण वाढणार. त्यांचा ओझोनवर काय परिणाम होईल, याचा अभ्यास आता कुठे सुरू झालाय.

गेल्या डिसेंबरात गावी गेलो होतो. भाचाही बरोबर होता. चुली आता फारशा नाहीत, गॅस आलाय. पण गावाबाहेर कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं आणि तो धूर लिंबांच्या खाली आडवा पडला होता. आम्ही दोघं बांधावर घड्याळ घेऊन बसलो. साडेनऊपर्यंत पट्टा जागचा हलला नाही. मग त्याची वरची कड थरथरायला लागली, एका ठिकाणी फाटली. दहा वाजून गेले तेव्हा एक घार त्यातून वर निघाली, गोल गोल फिरत, पंख न हलवता.